पायांचं घड्याळ

अँड्रू जोन्सने सलग दहा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे बेसबॉलमधले उत्तम क्षेत्ररक्षणाचे वार्षिक पुरस्कार, मिळवले, १९९८ ते २००७. इचिरो सुझुकीनेही सलग दहाच मिळवले, २००१ ते २०१०. दोघेही आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातले क्षेत्ररक्षक, आणि बऱ्याच अंशी समकालीन. लीग तेवढी वेगळी: जोन्स नॅशनल लीगमध्ये अटलांटा ब्रेव्हजकडून खेळला, इचिरो अमेरिकन लीगमध्ये सिअ‍ॅटल मरिनर्सकडून. २०२५ च्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनाच्या, मतपत्रिकेवर दोघांची नावं एकत्र होती. बेसबॉल पत्रकारांच्या ३९४ मतांपैकी ३९३ इचिरोला मिळाली. जोन्सला ६६.२ टक्के मिळाली. प्रवेशासाठी लागतात ७५. ते त्याचं यादीतलं आठवं वर्ष होतं. पहिल्या वर्षी, २०१८ साली, त्याला फक्त ७.३ टक्के मतं होती.

या तफावतीचं मोठं कारण फलंदाजी आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. अमेरिकेत ३,०८९ आणि त्याआधी जपानमध्ये १,२७८ हिट्स (चेंडू मारून गाठलेले बेस) करणाऱ्या माणसापुढे जोन्सची .२५४ ची सरासरी फिकीच दिसणार, तिच्या जोडीला ४३४ होम रन (कुंपणापलीकडे मारलेले फटके) असले तरी. मला खटकतं ते वेगळंच. बॅट बाजूला ठेवून नुसत्या क्षेत्ररक्षणाबद्दल बोलायला बसलं तरी एक वाक्य हमखास येतं: ‘जोन्स तिशीत संपला, इचिरो चाळिशीनंतरही धावत होता, तेव्हा टिकाऊ क्षेत्ररक्षक म्हणायचा तो इचिरो.’ वाक्यातल्या दोन्ही घटना खऱ्या आहेत. त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. टिकणं हा क्षेत्ररक्षणातला मोठा गुण आहे, हे मी मनापासून मानतो. पण आपण तो बॅटच्या घड्याळाने मोजतो. क्षेत्ररक्षण चालतं पायांच्या घड्याळावर, आणि ते लवकर सुरू होतं, लवकर थांबतं. शिवाय मैदानावर तुम्ही कुठे उभे आहात त्यावर त्याचा वेग ठरतो.

फलंदाज वयाबरोबर एक गोष्ट गमावतो तेव्हा दुसरी कमावू शकतो. बॅटचा वेग कमी झाला तरी पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, चाल आधी ओळखता येते, वाईट चेंडू सोडून देता येतात, चार चेंडूंवर फुकटचा पहिला बेस घेता येतो. म्हणून पस्तिशीनंतरही उत्तम हंगाम करणारे फलंदाज सापडतात. सेंटर फील्डरकडे, म्हणजे मधल्या आउटफिल्डरकडे, अशी अदलाबदल करायला फार थोडं असतं. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला मैदानाचा सगळ्यात मोठा तुकडा पसरलेला असतो. बॅटवर चेंडू आदळल्याचा आवाज येतो, त्या क्षणी पहिलं पाऊल कुठे पडतं आणि पुढची दहा-पंधरा पावलं किती वेगाने पडतात, यावर सगळं अवलंबून. अनुभवाने पहिलं पाऊल सुधारतं, उरलेली सुधारत नाहीत. धावण्याचा वेग विशीच्या मध्यापासूनच उतरू लागतो. २०१५ पासून कॅमेरे आणि रडार प्रत्येक खेळाडूची धाव मोजतात आणि पूर्वी जुने प्रशिक्षक जे नुसत्या नजरेने सांगायचे तेच आकड्यांत दाखवतात. म्हणून तर तिशी ओलांडलेल्या सेंटर फील्डरला बाजूच्या जागेवर, मग डाव्या कोपऱ्यात, मग पहिल्या बेसवर सरकवत नेण्याची रीत आहे. राइट फील्डरचं, म्हणजे उजवीकडच्या आउटफिल्डरचं, तसं नाही. त्याला धावायचं क्षेत्र कमी, आणि त्याचं खरं हत्यार म्हणजे खांदा. खांदा नीट जपला तर पायांपेक्षा जास्त वर्षं साथ देतो.

आता इचिरो आणि जोन्स यांच्याकडे पुन्हा पाहू. २००७ चा हंगाम आणि त्याच्या आगेमागे काही सामने इचिरो सेंटरला खेळला आणि चांगला खेळला. पण त्याची जागा राइट फील्ड. ११ एप्रिल २००१ ला ओकलंडमध्ये त्याने राइटमधून थेट तिसऱ्या बेसवर फेक केली आणि टेरेन्स लाँगला बाद केलं. ती फेक आजही दाखवली जाते, कारण चेंडू जमिनीला समांतर आल्यासारखा आला. जोन्स मात्र १९९८ पासून सेंटरला उभा होता, आणि तोही दुसऱ्या बेसच्या इतका जवळ की डोक्यावरून गेलेला प्रत्येक चेंडू पाठमोरं धावूनच गाठावा लागे. गोल्ड ग्लव्हच्या हिशोबात हा फरक दिसतच नाही. १९६१ ते २०१० अशी पन्नास वर्षं तीन आउटफिल्डरांना पुरस्कार मिळायचे, कोण कुठे उभा राहतो याची दखल न घेता. डावं, मधलं, उजवं असे वेगळे पुरस्कार २०११ पासून परत सुरू झाले. म्हणजे ‘दहा विरुद्ध दहा’ ही तुलना दोन वेगळ्या कामांची आहे. नाव तेवढं एक.

त्यातही पुरस्कार हे मोजमाप म्हणून किती विश्वासाचं? मतं त्या काळी व्यवस्थापक आणि प्रशिक्षकांची, आणि सवयीचा त्यांच्यावर मोठा पगडा. १९९९ साली राफाएल पाल्मेरोला पहिल्या बेसचा गोल्ड ग्लव्ह मिळाला तेव्हा त्या हंगामात तो त्या जागेवर जेमतेम २८ सामने खेळला होता. आधी दोनदा मिळालेला, म्हणून तिसऱ्यांदाही. तेव्हा कुणाचेही सलग दहा पुरस्कार म्हणजे दहा वर्षं सारख्याच दर्जाचा खेळ असं धरून चालणं भोळेपणाचं आहे. जोन्सच्या बाबतीतही ते लागू होतं, हे मी लपवत नाही. त्याचे शेवटचे दोन-तीन पुरस्कार पहिल्या पाच-सहांच्या तोडीचे नव्हते.

एक गोष्ट मात्र मोजता येते: काम किती केलं. जोन्स क्युरासाव बेटावरच्या विलेमस्टाडचा. ऑगस्ट १९९६ मध्ये तो ब्रेव्हजकडून पहिला सामना खेळला तेव्हा १९ वर्षांचा होता. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, पहिल्या सामन्यात यँकी स्टेडियमवर त्याने दोन होम रन मारले. वर्ल्ड सिरीजमध्ये होम रन मारणारा इतका लहान खेळाडू त्याआधी झाला नव्हता. तिथून पुढे १९९७ ते २००७ अशी सलग अकरा वर्षं त्याने एकाही हंगामात १५० पेक्षा कमी सामने खेळले नाहीत. पूर्ण हंगाम असतो १६२ सामन्यांचा. सेंटर फील्डमधले त्याचे सामने सतराशेच्या वर गेले. तिशीत संपला म्हणताना आपण त्याच्या जन्मतारखेकडे बघतो, त्याने तुडवलेल्या गवताकडे बघत नाही. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी सुरुवात करून अधूनमधून विश्रांती घेत खेळणारा सेंटर फील्डर जेवढं काम पस्तिशीपर्यंत करतो, तेवढं जोन्सने तिशीतच उरकलं होतं.

अलीकडचं उदाहरण केव्हिन किअरमायरचं. सेंटर फील्डमधल्या त्याच्या कौशल्याबद्दल दुमत नाही. चौथा गोल्ड ग्लव्ह त्याला २०२३ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी मिळाला. पण आख्ख्या कारकिर्दीत एका हंगामात १५० सामन्यांचा आकडा त्याने एकदाच गाठला, बहुतेक वर्षी दुखापतीने तो बाहेर बसायचा. वयाने पाहिलं तर तो जोन्सपेक्षा जास्त टिकला, कामाने पाहिलं तर कितीतरी कमी. मग टिकाऊ कुणाला म्हणायचं?

समोरच्या बाजूकडे भक्कम मुद्दे आहेत. पहिला विली मेज. तोही सेंटरलाच होता. १९५७ ते १९६८ अशी सलग बारा वर्षं गोल्ड ग्लव्ह त्याच्याकडे राहिला. शेवटचा मिळाला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. पुरस्कारच मुळी १९५७ साली सुरू झाला. त्याआधीची वर्षं, पोलो ग्राउंड्सवर २९ सप्टेंबर १९५४ ला व्हिक वर्ट्झचा चेंडू पाठमोरं धावत खांद्यावरून टिपला तो हंगामसुद्धा, मोजणीत धरलेला नाही. १९५२ चा बराचसा आणि १९५३ चा पूर्ण हंगाम सैन्यातल्या सेवेत गेला. तरीही ७,०९५ पुटआउट (स्वतः बाद केलेले खेळाडू, बहुतेक झेल टिपून), आउटफिल्डरांमधला आजवरचा सर्वाधिक आकडा. पायांचं घड्याळ सगळ्यांचं लवकर थांबत असेल तर मेजचं का थांबलं नाही?

याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते पूर्ण समाधानकारक नाही हे आधीच सांगतो. मेज अपवाद आहे. त्याची पावलं, त्याचा अंदाज, प्रत्येक फलंदाजासाठी उभं राहण्याची जागा बदलण्याची त्याची सवय, यांची गोळाबेरीज पुन्हा कुणात झाली नाही. जोन्स मेज नव्हता, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण सर्वश्रेष्ठ माणूस जिथे पोचला तीच किमान पात्रता ठरवली, तर यादीत एकटा मेज उरेल. केन ग्रिफी ज्युनियरचे दहा गोल्ड ग्लव्ह १९९० ते १९९९ चे. तिशीत तो सिनसिनाटीला गेला आणि तिथे दुखापतींनी त्याचे पाय खाल्ले. पुन्हा एकही गोल्ड ग्लव्ह मिळाला नाही. सेंटर फील्डर म्हणून ग्रिफीची आणि जोन्सची आलेखरेषा जवळजवळ एकच आहे. ग्रिफीला ‘तिशीत संपला’ असं कुणी हिणवत नाही, कारण त्याच्या बॅटने पुढेही होम रन मारले. पुन्हा तेच: प्रश्न विचारायचा पायांचा आणि गुण द्यायचे बॅटला.

मेजच्या शेवटाकडेही बघायला हवं. १९७३ ची वर्ल्ड सिरीज, दुसरा सामना, ओकलंडचं मैदान, डोळ्यांवर ऊन. मेज ४२ वर्षांचा, मेट्सकडून खेळत होता. नवव्या डावात सेंटरमध्ये एका उंच चेंडूखाली तो धडपडला, पडला. ते दृश्य अमेरिकेत म्हणीसारखं झालं; कुठलाही थोर खेळाडू वेळेत थांबला नाही की ‘विली मेज पडला तसा’ म्हणतात. त्याच सामन्यात बाराव्या डावात मेजनेच हिट मारून मेट्सना आघाडी मिळवून दिली आणि ते १०-७ ने जिंकले, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहतं. माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे जातं. विसाव्या वर्षापासून सेंटरचं गवत तुडवणारा माणूस बेचाळिसाव्या वर्षी पडला तर आपण म्हणतो, कशाला थांबला इतकी वर्षं? आणि अकरा वर्षं अखंड धावलेला माणूस तिशीत थकला तर म्हणतो, का नाही थांबला आणखी? आउटफिल्डरने नेमकं किती टिकावं म्हणजे आपलं समाधान होईल?

मेज आणि रॉबर्टो क्लेमेंटे यांची जोडी जोन्स-इचिरोच्या आधीच्या पिढीतली आवृत्तीच आहे. दोघांचे गोल्ड ग्लव्ह बारा-बारा, आउटफिल्डरांमध्ये सर्वाधिक. मेज मधला, क्लेमेंटे उजवा. पिट्सबर्गच्या फोर्ब्ज फील्डच्या कोपऱ्यांतून येणाऱ्या त्याच्या फेकीची धास्ती आख्ख्या लीगला होती. त्याचा शेवटचा पुरस्कार १९७२ चा, वयाच्या ३८ व्या वर्षी. त्याच ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाणारं विमान कोसळलं आणि तो गेला. क्लेमेंटेची उतरण कुणी पाहिलीच नाही. त्याच्या क्षेत्ररक्षणाच्या आठवणीवर कुठेच डाग नाही, यात त्या अकाली मृत्यूचाही भाग आहे. हे म्हणायला जड जातं, पण खरं आहे. पण अडतिसाव्या वर्षीही तो अव्वल होता हेही तितकंच खरं, आणि उजव्या बाजूचं घड्याळ सावकाश चालतं या माझ्या म्हणण्याला ते धरूनच आहे.

दुसरा भक्कम मुद्दा इचिरोच्या शिस्तीचा. जपानमध्ये ओरिक्सकडून खेळताना १९९४ ते २००० अशी सात वर्षं त्याला तिथला गोल्डन ग्लव्ह मिळाला होता. दोन देश मिळून सलग सतरा वर्षं! रोजचे ताण देण्याचे व्यायाम, सामन्याआधीची ठरलेली दिनचर्या, शरीराला यंत्रासारखं जपणं, हे त्याने कष्टाने कमावलं होतं. २१ मार्च २०१९ ला टोकियो डोममध्ये निरोप घेताना तो ४५ वर्षांचा होता आणि त्या दिवशीही राइटलाच उभा होता. उलट जोन्स २००८ साली डॉजर्सकडे मोठ्या करारावर आला तेव्हा वजन वाढलेलं, मग गुडघ्याची शस्त्रक्रिया, ७५ सामने, सरासरी .१५८. त्याने शरीर जपलं नाही ही टीका निराधार नाही. जपलं असतं तर आणखी दोन-तीन बरी वर्षं मिळाली असती, हेही मला पटतं. इचिरोची थोरवी कमी लेखून जोन्सला मोठं करावं असं मला मुळीच वाटत नाही. माझं म्हणणं इतकंच की ती दोन-तीन वर्षं जोन्सच्या खात्यात नाहीत म्हणून आधीची दहा कमी होत नाहीत. बेसबॉल रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या हिशोबात क्षेत्ररक्षणाने वाचवलेल्या धावांत आउटफिल्डरांमध्ये जोन्स सगळ्यांच्या वर आहे, मेजच्याही. जुन्या काळातले असे आकडे अंदाजावर उभे असतात, मी त्यांना ब्रह्मवाक्य मानत नाही. पण दहा वर्षांत एवढा साठा करणाऱ्याला ‘टिकला नाही’ म्हणताना थोडं तरी थबकायला हवं.

तिसरा मुद्दा मॅडक्स, ग्लॅव्हिन, स्मोल्ट्झ या ब्रेव्हजच्या पिचरांचा. अशा पिचरांच्या मागे उभं राहिलं की कोणीही चांगला दिसतो, असं म्हणतात. हा मुद्दा फार वेळ देण्याजोगा नाही. मॅडक्स तर चेंडू जमिनीवर मारायला लावण्यात वाकबगार होता. त्याच्या मागे सेंटर फील्डरच्या वाट्याला झेल उलट कमी यायचे. तरी जोन्सने १९९९ च्या हंगामात साडेचारशेहून जास्त टिपले.

आणि एक आक्षेप असा आहे की ज्याच्याशी मी वाद घालणार नाही. डिसेंबर २०१२ मध्ये पत्नीला मारहाण केल्याच्या आरोपावरून जोन्सला अटक झाली होती. हॉल ऑफ फेमच्या निकषांत चारित्र्याचाही उल्लेख आहे. कुणी त्या कारणाने मत नाकारलं तर तो त्याचा सद्सद्विवेक, आणि मला त्याचा आदर आहे. पण मग तसं उघड म्हणावं. मनात एक कारण ठेवून तोंडाने टिकाऊपणाचं सांगितलं, की शिक्षा एका माणसाला होते आणि अन्याय सेंटर फील्डच्या कामावर.

हा वाद वाईट रीतीने घातला जातो असं मी म्हणतो, त्याचं सगळ्यात मोठं कारण पुढे आहे. टिकाऊपणा खरोखरच निकष असता तर तो बाकीच्या समकालीनांनाही लागू व्हायला हवा होता. जिम एडमंड्स घ्या. आठ गोल्ड ग्लव्ह, आणि २०१० साली चाळिसाव्या वर्षीही सेंटरला उभा. २०१६ च्या मतपत्रिकेवर त्याला २.५ टक्के मतं पडली आणि पाच टक्क्यांखालच्यांना वगळण्याच्या नियमाने तो पहिल्याच वर्षी यादीतून गेला. टोरी हंटर घ्या. २००१ ते २००९ सलग नऊ गोल्ड ग्लव्ह, पस्तिशीपर्यंत सेंटर, मग स्वतः राइटला सरकून २०१५ पर्यंत, चाळिशीपर्यंत खेळला. मतं दहा टक्क्यांच्या आत घुटमळत राहिली. केनी लॉफ्टन घ्या. २००६ साली एकोणचाळिसाव्या वर्षी तो डॉजर्सचा नेहमीचा सेंटर फील्डर होता. २०१३ मध्ये त्याला मिळाली ३.२ टक्के. त्या वर्षीची मतपत्रिका दिग्गजांनी आणि उत्तेजकांच्या वादाने भरलेली होती, हे लक्षात घेतलं तरी आकडा विचार करायला लावतो. हे तिघेही पायांवर जोन्सपेक्षा जास्त वर्षं उभे राहिले. त्यांच्या टिकण्याचं श्रेय त्यांना कुणी दिलं? जमेच्या बाजूला कधीच न लिहिलेला गुण एकट्या जोन्सच्या नावापुढे वजाबाकीत येतो. असा निकष निकष राहत नाही, सोयीचं हत्यार होतो.

आपल्याकडे एकनाथ सोलकरची आठवण काढताना हा घोळ होत नाही. हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या बॅटपासून हातभर अंतरावर उभा राहणारा मुंबईचा हा क्षेत्ररक्षक २७ कसोटी खेळला आणि ५३ झेल घेऊन गेला. शेवटची कसोटी १९७७ ची, तेव्हा तो २८ वर्षांचा. पुढे शंभर-शंभर कसोटी खेळलेल्यांच्या झेलांची एकूण संख्या त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. पण शॉर्ट लेगचं नाव निघालं की आधी सोलकरच आठवतो, आणि तो किती वर्षं खेळला हे कुणी विचारत नाही, कारण तिथे एक डाव उभं राहणं म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. काम किती कठीण होतं ते कळलं की वर्षांची मोजणी आपोआप त्या कामाच्या मापाने होते.

हॉल ऑफ फेमचा स्वतःचा नियमसुद्धा किमान दहा हंगामांचा आहे. ती पात्रता आहे, थोरवी नव्हे, हे कबूल. तरी संस्थेने कारकीर्द म्हणायला दहा वर्षं पुरेशी मानली असताना, मैदानावरच्या सगळ्यात दमवणाऱ्या जागेवर दहा वर्षं अव्वल राहिलेल्या माणसाकडून पंधरा-सोळांची अपेक्षा कोणत्या हिशोबाने करायची? कुणी म्हणेल, आतल्यांपैकी बरेच जण त्याहून जास्त खेळले. खेळले, पण त्यांतले किती जण शेवटपर्यंत सेंटरला होते?

१९९७ साली ब्रेव्हजने लॉफ्टनला क्लीव्हलँडहून आणलं, तेव्हा एक हंगाम हे दोघे शेजारी-शेजारी उभे होते. सेंटरला होता तीस वर्षांचा लॉफ्टन. वीस वर्षांच्या जोन्सला बहुतेक दिवस राइटला थांबावं लागलं. पुढच्या वर्षी लॉफ्टन क्लीव्हलँडला परतला आणि मधली जागा जोन्सकडे आली. त्या एका हंगामात अटलांटाच्या गवतावर सेंटर फील्डरच्या आयुष्याचे दोन नमुने शेजारी होते: एक पुढे आणखी दहा वर्षं, चाळिशीपर्यंत, हळूहळू झिजत धावणार होता, दुसरा आपली सगळी धाव पुढच्या दहा वर्षांत ओतून मोकळा होणार होता. त्या वर्षी अटलांटाने १०१ सामने जिंकले. मधे आणि उजवीकडे चेंडू उडाला की पिचर मागे वळून बघायचा, आणि त्या दोघांपैकी एक जण आधीच धावायला लागलेला असायचा.